सुटला म्हणजे काय झालं?

खुनाच्या खटल्यात आरोपी सुटला, की बुलढाणा असो की खामगाव, कोर्टाबाहेर दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘पैसा चालला’ किंवा ‘पोरीच्या माहेरचे खोटं बोलत होते’. पुराव्याअभावी सुटका झाली, तेव्हा या दोन्हींपैकी काहीच सिद्ध झालेलं नसतं.

हे समजायला आम्ही पुण्याचा एक खटला घेतो. मंजू नावाची नवविवाहिता. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न, जूनमध्ये मृत्यू. पोटात पोटॅशियम सायनाइड. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल आजही वकील रोज सांगतात.

प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. अशा वेळी पुराव्याची साखळी जोडावी लागते, आणि एकही कडी तुटकी चालत नाही. आरोपीजवळ विष होतं, हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. मंजूनं बहिणीला, मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. त्यांत तिचं दुःख होतं. पण इतकी खचलेली मुलगी आत्महत्याही करू शकते, अशी शक्यता न्यायाधीशांना दिसली. तिच्या दुःखाचाच पुरावा शंकेच्या बाजूला गेला, हे आम्हाला आजही बोचतं. तरी ‘केला असेल’ आणि ‘केलाच आहे’ यांत अंतर राहिलं, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. उद्या आपला भाऊ पिंजऱ्यात असला, तर आपणही हेच मागू.

पुढे कायदा बदलला. १९८३ मध्ये सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं. १९८६ पासून लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर हुंडाबळीबाबत कोर्ट आरोपीविरुद्ध गृहीत धरतं. छळ मात्र आपणच दाखवायचा. म्हणून मुलीचे मेसेज पुसू नका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपा. शेजारणीनं जबाब पहिल्याच दिवशी द्यावा. महिन्यानं दिला, की उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवलं जातं.

आरोपी सुटला तरी दार बंद होत नाही. २००९ च्या दुरुस्तीपासून मृताच्या वारसांनाही अपील करता येतं. बायकांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. निकालाची नक्कल आधी काढून ठेवा.