गरिबाची झडती

सरकारकडून निर्वाहासाठी पैसे घेणाऱ्याने, आपण अमली पदार्थ घेत नाही हे आधी तपासणी देऊन सिद्ध करावे काय, हा वाद अमेरिकेत १९९६ पासून चालू आहे. आपल्याकडे तो त्या रूपात आलेला नाही. मग त्यावर येथे बोलायचे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उभे आयुष्य युनियनच्या कचेरीत गेले. अशा प्रश्नावर कामकरी माणूस काय म्हणतो ते आम्हांस ठाऊक आहे. तो म्हणतो, "आम्ही घाम गाळायचा, आणि आमच्या कराचा पैसा गांजा ओढणाऱ्याने न्यायचा काय?" हे बोलणे मालकाचे नव्हे, आपल्याच माणसाचे आहे, म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही.

प्रथम कायदा पाहू. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी मुलेबाळे असलेल्या गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीची जुनी पद्धत मोडीत काढली. केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला साधारणपणे पाच वर्षांची मर्यादा पडली, आणि मदत घेणाऱ्यांची अमली पदार्थांसाठी तपासणी करण्याची मुभा राज्यांना मिळाली. मिशिगन राज्याने १९९९ मध्ये ती प्रथम वापरली. पाच आठवड्यांत २६८ जणांची तपासणी झाली, २१ जण सापडले, आणि त्यांतील १८ केवळ गांजाचे निघाले. तेवढ्यात न्यायालयाने काम थांबविले. वरच्या न्यायालयात २००३ साली न्यायाधीशांची मते समसमान पडली आणि खालचा निर्णय कायम राहिला.

खरी परीक्षा झाली ती फ्लोरिडात. गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या सहीने १ जुलै २०११ पासून तेथे प्रत्येक अर्जदाराला, संशय असो वा नसो, लघवीची तपासणी सक्तीची झाली. खर्च अर्जदाराने आधी स्वतः करायचा. निर्दोष ठरला तर सरकार तो परत देणार. तपासणीला सुमारे तीस डॉलर लागत, आणि तिघांच्या कुटुंबाला महिन्याची मदत मिळे जास्तीत जास्त ३०३ डॉलर. ज्याच्या खिशात काही नाही म्हणून तो दारात आला, त्यालाच दारात पैसे मोजायला लावले. दोषी ठरल्यास एक वर्ष मदत बंद. उपचार पुरे केले तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज. पण त्या उपचारांचा खर्च सरकार देणार नाही, असे कायद्यातच लिहून ठेवले होते! मुलांचा वाटा मात्र तोडला नव्हता. तो घेण्यासाठी दुसरा माणूस नेमायचा, आणि त्या माणसानेही तपासणी द्यायची.

सुमारे चार महिन्यांत ४,०८६ जणांची तपासणी झाली. १०८ सापडले, म्हणजे शेकडा तीनही नाहीत. निर्दोषांना परत केलेली रक्कम १,१८,१४० डॉलर झाली. पकडलेल्यांची मदत वाचली ती या रकमेला पुरली नाही. कायद्याचे समर्थक म्हणतात की, व्यसनी माणूस भीतीने अर्जच करीत नाही, तो या आकड्यांत दिसणार कसा? प्रश्न रास्त आहे. पण भीतीने न आलेल्यांत व्यसनी किती आणि लाजेने किंवा तीस डॉलरांअभावी परतलेले किती, हे या तपासणीतून कळत नाही.

तपासणीचा स्वभावही लक्षात घ्या. ती नशा मोजत नाही, नशेची शरीरातील खूण मोजते. गांजाची खूण नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे राहते. कोकेन व हेरॉइन यांची दोनतीन दिवसांत जाते. आणि दारू, जिने कामकऱ्यांचे सर्वाधिक संसार बुडताना आम्ही पाहिले, ती काही तासांतच निघून जाते. म्हणजे शनिवारी रात्री पिऊन बायकोला मारणारा सोमवारी निर्दोष! उलट खसखस खाल्ल्यानेही पहिल्या चाचणीत अफूची खूण दिसू शकते. दिवाळीच्या अनारशांवर आपण ती किती पसरतो! म्हणूनच अधिक काटेकोर दुसरी चाचणी करावी लागते.

आता कामकऱ्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. "आम्हांला कामावर तपासणी द्यावी लागते, मग त्यांना का नको?" अमेरिकन रेल्वेकामगारांनी हाच झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९८९ साली ते हरले. अकारण झडतीस मनाई करणारी त्यांच्या घटनेची चौथी दुरुस्ती लघवी घेण्यालाही लागू आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण आगगाडी चालविणाऱ्याच्या हाती इतरांचे प्राण असतात, म्हणून येथे अपवाद, असे ठरविले. आम्ही कामगारांच्या बाजूचे असूनही हा निर्णय आम्हांस पटतो. १९८७ च्या जानेवारीत मेरीलँडमध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन १६ माणसे मेली, आणि चूक करणाऱ्या चालकाच्या रक्तात गांजाची खूण सापडली होती. रुळांवर धोका आहे, म्हणून झडती आहे. मदतीचा अर्ज भरणाऱ्या बाईच्या हाती कोणती आगगाडी आहे?

जॉर्जिया राज्याने निवडणुकीच्या उमेदवारांनाही अशी तपासणी लावली होती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली. पुढाऱ्याला जे संरक्षण मिळाले ते गरिबालाही आहे काय, एवढेच फ्लोरिडात ठरायचे होते. नौदलात नोकरी केलेला, शिकत असलेला आणि लहान मुलाला एकट्याने सांभाळणारा एक बाप न्यायालयात गेला. २४ ऑक्टोबर २०११ रोजी कायद्याला स्थगिती मिळाली, आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयानेही तो घटनाबाह्य ठरविला. अर्जदार संमतिपत्रावर सही करतो, तेव्हा ही सक्ती कसली, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो टिकला नाही. गिरणीच्या दारात बदलीवाला कोऱ्या कागदावर अंगठा उठवी, तोही म्हणे राजीखुशीने!

व्यसनी बाप पैसे उडवील आणि पोर उपाशी राहील, ही काळजी खोटी नाही. आम्ही असे बाप पाहिले आहेत. पण त्यासाठी उपचाराची खाट लागते, आणि खाटेचा खर्च द्यायला कायदा तयार नव्हता. ज्याच्याविषयी खरोखर संशयाला कारण आहे त्याची चौकशी करणे वेगळे. बऱ्याच राज्यांनी पुढे तोच मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१७ साली ५,००० जणांवर प्रयोग करण्याचे ठरविले होते, पण सिनेटमध्ये ते विधेयक पार पडले नाही.

आमच्या युनियनवाल्या मंडळींनी एक गोष्ट मात्र नीट पाहावी. याच स्कॉट यांनी २०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे गरिबांवरील कायद्याच्या आधीच, स्वतःच्या अखत्यारीतील सरकारी नोकरांना सरसकट तपासणीचा हुकूम काढला होता. नोकरांची युनियन न्यायालयात गेली. २०१३ साली अपील न्यायालयाने सांगितले की सर्वांना एकच चाळणी लावता येणार नाही. कोणत्या कामात इतरांच्या जिवाला धोका आहे हे कामाकामागणिक दाखवावे लागेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला, आणि मग कारकुनाचे काम कोणते, बंदूक बाळगणाऱ्याचे कोणते, अशी एकेका हुद्द्याची छाननी करण्याची पाळी सरकारवर आली.