मळलेली भिंत : एका भिंतीपुरते रंगकाम

दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तेव्हा भिंतीवर वापराच्या खुणा पडणारच. पाठ टेकून बसतो तिथे डोक्याच्या तेलाचा डाग, स्विचबोर्डाभोवती काळी बोटे, कॉटच्या कडेने खरचटलेला पट्टा, आणि खाली मुलांनी गिरवलेली बाराखडी. मग आपण म्हणतो, "आता सगळ्या घराला रंग द्यायला हवा." खर्चाचा आकडा ऐकतो आणि गप्प बसतो. अशीच वर्षे जातात. वास्तविक, खराब झालेली असते एक भिंत. ती घरच्या घरी एका शनिवार-रविवारी नीट होऊ शकते.

आधी भिंत ओळखा

भिंतीवर तळहात घासून पाहा. हाताला पांढरी किंवा रंगीत भुकटी लागली तर चुना किंवा साधे डिस्टेंपर आहे. ते पाण्याने पुसू नये, डाग आणखी पसरतो. सुटी भुकटी खरवडून काढल्याशिवाय वर दिलेला नवा रंग धरत नाही, पोपडे निघतात. प्लास्टिक इमल्शन ओल्या फडक्याने पुसता येते. ऑइल पेंट चकचकीत असतो आणि पुसायला सर्वांत सोपा. मात्र त्यावर इमल्शन द्यायचे तर पॉलिश पेपरने चमक मोडून प्रायमर लावावाच लागतो.

पुष्कळदा रंगाची गरजच नसते. कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ फडक्याने हलकेच पुसले तर निम्मे डाग जातात. स्विचबोर्डाजवळ पुसताना मेन स्विच बंद करावा.

ओल असेल तर थांबा

भिंत फुगली असेल, खार फुटला असेल, तर रंग म्हणजे पैसे पाण्यात. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतच आहे. आधी गळका नळ, मोरी किंवा बाहेरची चीर दुरुस्त करावी. भिंत पूर्ण सुकू द्यावी. या कामाला पावसाळ्यापूर्वीचे कोरडे दिवस उत्तम.

मुलांना जपा

हा मुद्दा आम्ही मुद्दाम ठळकपणे मांडत आहोत. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगात, विशेषतः जुन्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे, आणि त्याचे थोडे प्रमाणही सुरक्षित मानले जात नाही. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये. पाणी मारून, ओलाच घासावा. मुलांना आणि गरोदर बाईला त्या वेळी शेजारी पाठवावे. नाकातोंडावर चांगला मास्क लावावा. खाली पडलेली भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाकावी. निघालेले पोपडे जाळू नयेत.

प्रत्यक्ष काम

खिळ्यांची भोके आणि खड्डे लांबीने भरावेत. जाड थर एकदम भरला तर तडे जातात, दोन पातळ थर बरे. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर मारून पुसून घ्यावे, आणि लांबी भरलेल्या जागी प्रायमर लावावा. प्रायमर न लावल्यास लांबी रंग शोषून घेते आणि ठिगळ लांबून दिसते. तेलाचा डागही साबणाने धुऊन, प्रायमर देऊनच झाकावा, नाहीतर तो नव्या रंगातून पुन्हा वर येतो.

डाग लहान असेल आणि जुना उरलेला रंग असेल, तर थोडक्या रंगात ब्रश बुडवून कडेला पातळ करीत न्यावे. परंतु जुना रंग उन्हाधुराने उतरलेला असतो, त्याच शेडचा नवा डबा आणला तरी फरक दिसतो. अशा वेळी ठिगळ न लावता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी. दहा बाय नऊ फुटांची भिंत म्हणजे 90 चौरस फूट. दोन हातांना साधारण एक लिटर इमल्शन पुरते. डबा तळापासून ढवळावा, पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच घालावे. पहिला हात सुकल्यावरच दुसरा द्यावा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून त्यावर शेडचे नाव, नंबर व तारीख लिहावी. मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ती ठेवावी.

शेवटी दोन शब्द. हे काम एकट्या आईचे किंवा बाबांचे नव्हे. मुलाच्या हाती पॉलिश पेपर द्या तसा मुलीच्या हातीही ब्रश द्या. उंच छत, मोठी चीर, सगळे घर असे काम असेल तर रंगाऱ्यालाच बोलवावे आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. एक भिंत स्वतः रंगवून पाहिली की त्याच्या हातातले कसब आपल्याला कळते. खोली लहान असली तरी फिकट, स्वच्छ भिंतीमुळे उजेड वाढतो, आणि त्या उजेडात आपली मुले अभ्यासाला बसतात. तेवढ्यासाठी एक रविवार खर्ची घालायला हरकत नाही.