संस्था आपली, दुकानही आपलंच?
स्वयंसेवी संस्थांमधल्या हितसंबंधांच्या संघर्षाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, भिलाईत पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि बांधकामावरच्या मजुरांसाठी वस्त्या पडल्या. कॅम्प-1 ही त्यांतलीच एक. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी कुटुंबंही आली. गाव सोडून आलेल्यांना आधार एकमेकांचाच. त्यामुळे अशा वस्तीत उत्सव समित्या, समाज मंडळं, शिकवणी वर्ग, महिला मंडळं यांची कमतरता नसते. आणि अध्यक्ष, खजिनदार, मंडपवाला, किराणावाला ही मंडळी एकमेकांची सोयरी किंवा निदान शेजारी असणार, हेही ओघानंच आलं.

अशा ठिकाणी 'हितसंबंधांचा संघर्ष' असं कुणी म्हटलं की समोरचा दुखावतो. "म्हणजे मी पैसे खाल्ले म्हणता?" हा पहिला सवाल. सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज 1 : हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे भ्रष्टाचार.

वस्तुस्थिती : भ्रष्टाचार ही कृती आहे, हितसंबंधांचा संघर्ष ही परिस्थिती. समजा, कॅम्प-1 मधल्या एखाद्या मंडळाला गणेशोत्सवासाठी मंडप ठरवायचा आहे आणि खजिनदाराच्या मेव्हण्याचा मंडपाचाच धंदा आहे. अजून दर विचारलेला नाही, एक पैसाही हललेला नाही, तरी संघर्ष उभा राहिला. कारण निर्णय घेताना खजिनदारानं मंडळाचं हित बघायचं आहे आणि घरातलं हित दुसरीकडे ओढतं आहे. यात त्याचा काही दोष नाही. ही गोष्ट त्यानं लपवली किंवा सांगूनही निर्णयात भाग घेतला, तर दोष सुरू होतो.

गैरसमज 2 : आमच्यात कुणी मानधनसुद्धा घेत नाही, मग प्रश्नच कुठे येतो?

वस्तुस्थिती : लाभ पगाराच्याच वाटेनं येतो असं नाही. कंत्राट, भाडं, मुलाची नोकरी, पुतणीचा प्रवेश, निवडणुकीच्या तोंडावर मिळणारं नाव, हे सगळे लाभच. उलट बाजूनंही गाडी अडते: संस्थेच्या भल्यासाठी एखादा आपलं दुसरं पद वापरतो.

महाराष्ट्रानं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1981 मध्ये पाहिलं. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा न्यास स्थापन केला. न्यासाचे उद्देश चांगले होते. पण तो काळ सिमेंटच्या टंचाईचा आणि सरकारी वाटपाचा. बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा संबंध 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मांडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांनी सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. फौजदारी खटला पुढे बरीच वर्षं चालला, तो वेगळा विषय. आपल्यापुरता धडा असा: देणगी मागणारा आणि देणगीदाराच्या अर्जावर सही करणारा एकच असेल, तर देणगी खुशीनं दिली की नाइलाजानं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग पैसा कलावंतांसाठी असो की रुग्णांसाठी.

भिलाईत हे रूप ओळखणं सोपं आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून संस्थांना पैसे मिळतात. ज्याच्या टेबलावरून प्रस्ताव पुढे सरकतो, तोच किंवा त्याची पत्नी संस्थेच्या कार्यकारिणीवर असेल, तर त्यानं ते दोन्हीकडे लिहून द्यायला हवं.

गैरसमज 3 : नातेवाइकाशी व्यवहार करायला कायद्यानं बंदीच आहे.

वस्तुस्थिती : सरसकट बंदी नाही, भाव वाजवी हवा आणि तो दाखवता आला पाहिजे. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांसाठी 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम 13 हेच सांगत आलं आहे. मोठे देणगीदार, शिवाय संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांची भरीव भागीदारी असलेले धंदे यांची यादीच त्यात आहे. भावंडं तर आहेतच, पती किंवा पत्नीची भावंडंही आहेत. म्हणजे आपल्या खजिनदाराचा मेव्हणा यादीत बसतो. या मंडळींना वाजवीपेक्षा जास्त पगार, त्यांच्याकडून चढ्या भावानं खरेदी, त्यांना बिनव्याजी कर्ज, संस्थेची जागा फुकट वापरायला देणं, हे चालत नाही. 2022 मध्ये यावर दंडाची तरतूद आली: गैरलाभाची जेवढी रक्कम तेवढाच दंड, आणि पुढच्या एखाद्या वर्षी तेच केलं तर दुप्पट.

म्हणून "मेव्हण्यानं स्वस्तात दिलं" हे तोंडी सांगून भागत नाही. तीन ठिकाणची कोटेशनं फायलीला लावा. ती नसतील तर खरोखर स्वस्त दिलेला मंडपही संशयास्पद दिसतो.

गैरसमज 4 : सभेनं ठराव केला, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती : क्रिकेट नियामक मंडळाचं उदाहरण पाहा. कोट्यवधींची उलाढाल असली तरी हे मंडळ म्हणजे तमिळनाडूत नोंदलेली एक संस्था. मंडळाच्या सामन्यांत पदाधिकाऱ्यांचे व्यापारी हितसंबंध असू नयेत, असा नियम तिथे होता. 2008 मध्ये नियम 6.2.4 मध्ये दुरुस्ती करून आयपीएल त्यातून वगळण्यात आली. त्यामुळे ज्यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीकडे चेन्नई सुपर किंग्ज हा संघ होता, ते एन. श्रीनिवासन मंडळाचे पदाधिकारी राहू शकले, पुढे अध्यक्षही झाले. दुरुस्ती मंडळानं रीतसर केलेली होती. तरीही 22 जानेवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली आणि असे हितसंबंध असेपर्यंत मंडळाची निवडणूक लढवता येणार नाही, असं बजावलं.

बहुमतानं संघर्षाला परवानगी मिळते, पण संघर्ष तसाच राहतो. शिवाय त्या बहुमतात ज्याचा फायदा आहे त्याचंही मत मोजलं असेल, तर ठराव जन्मतःच लंगडा.

गैरसमज 5 : कार्यकारिणीवर सरकारी अधिकारी आहेत, मग काळजी नको.

वस्तुस्थिती : अनुदान मंजूर करणारा, ते खर्च करणारा आणि खर्च तपासणारा एकाच वर्तुळातला असेल, तर काळजी उलट जास्त हवी. छत्तीसगडमध्ये दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी 2004 मध्ये नोंदल्या गेलेल्या एका संस्थेचं प्रकरण याच कारणानं गाजलं. संस्थेच्या कारभारात वरिष्ठ अधिकारी होते आणि ती कागदावरच चालल्याचा आरोप होता. 30 जानेवारी 2020 रोजी बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं सीबीआयला गुन्हा नोंदवायला सांगितलं. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयातच होईल. पण खुर्ची सरकारी असली की हितसंबंध आपोआप विरघळतात, या समजाला या प्रकरणानं तडा दिला आहे.

गैरसमज 6 : हे सोपस्कार मोठ्या संस्थांसाठी, आपल्या मंडळाला कशाला?

वस्तुस्थिती : छोट्या मंडळातच नाती जास्त गुंतलेली असतात. आणि उपाय बिनखर्चाचा आहे. कार्यवाहीच्या वहीत एवढं लिहिलं की पुरे:

"विषय 4, मंडप. खजिनदारांनी सांगितलं की तीन कोटेशनांपैकी एक त्यांच्या मेव्हण्याचं आहे. ते चर्चेपूर्वी बाहेर गेले. उरलेल्या सहा सदस्यांनी दर आणि मागच्या वर्षीचं काम पाहून निर्णय घेतला. खजिनदारांना नंतर आत बोलावण्यात आलं. या बिलावर अध्यक्ष आणि सचिव सही करतील."

सांगणं, बाहेर जाणं, लिहून ठेवणं आणि सहीचा हक्क दुसऱ्याकडे देणं, एवढ्यात सगळं आलं. यातलं बाहेर जाणं सर्वांत जास्त टाळलं जातं. "मी गप्प बसतो ना" असं म्हणून माणूस खुर्चीतच राहतो आणि त्याच्यासमोर दुसऱ्या मंडपवाल्याची बाजू घ्यायला कुणाची जीभ रेटत नाही.

गैरसमज 7 : काही वावगं वाटलं तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येईल.

वस्तुस्थिती : पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांचा हा सल्ला भिलाईत चालत नाही. धर्मादाय आयुक्त महाराष्ट्राच्या 1950 च्या कायद्यातले. छत्तीसगडमध्ये समित्या 1973 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली येतात आणि त्यांच्यावर देखरेख 'पंजीयक, फर्म्स एवं संस्थाएँ' यांची. एकूण सभासदांपैकी एकतृतीयांश सभासदांनी प्रतिज्ञापत्रासह अर्ज केला तर कलम 32 खाली चौकशी मागता येते. सार्वजनिक न्यास असेल तर 1951 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे निबंधक. तक्रार करण्याआधी आपली संस्था यांतली कुठली, ते नोंदणीपत्रावर पाहून घ्या.

मग ओळखायचं कसं?

प्रत्येक मोठ्या खर्चाला, नेमणुकीला आणि देणगीला चार प्रश्न विचारा. हा निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, धंद्यात किंवा नोकरीत यातून काही जाणार आहे का? ते त्यानं आधी सांगितलं का, की दुसऱ्याकडून कळलं? निर्णयाच्या वेळी तो कुठे होता? आणि वही पाहून परक्या माणसाला हे कळेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं म्हणून बिचकू नका. कॅम्प-1 सारख्या वस्तीत ते वारंवार 'हो'च येईल. उरलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर देता आलं नाही, तर मात्र तो विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्या.