चामड्यावर नाव कोरायचे, पण मशीन कोणते घ्यावे?

आमचा रोह्याचा भाचा धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. पाळी सुटली की घरी येऊन तो चामड्याचे काम करतो. पाकिटे, पट्टे, किल्ल्यांची कडी, चष्म्याची घरे. कोणी शिकवले नाही. बघून बघून शिकला. रापी, आरी आणि मेणवलेला दोरा एवढ्या भांडवलावर सुरू केलेला हा छंद आता महिन्याला चार पैसे मिळवून देऊ लागला आहे. गिऱ्हाईक मात्र हल्ली एकच गोष्ट मागते, "यावर नाव टाकून मिळेल का?"

म्हणून एका रविवारी तो दिवा गाडीने पेणला आमच्याकडे आला. हातात मोबाईल आणि मोबाईलवर जाहिरात. चाळीस वॅटचे लेसर मशीन, लाकूड, चामडे, सगळे कोरते, कापते. दिवाळीच्या बोनसमधून साठवलेले पंचवीस हजार त्याच्यापाशी होते आणि पैसे भरायला बोट पुढे झालेलेच होते. आम्ही म्हटले, थांब, आधी चार ठिकाणी विचारू. ती विचारपूस दोन महिने चालली. तीत जे कळले ते आमच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल, कारण हाताला काम शोधणारी अशी मुले आज घरोघरी आहेत.

मशीनच्या आधी घरातला एक प्रश्न होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या आईला हे चामड्याचे काम मुळीच पसंत नव्हते. "आपण त्या ढोरांच्या कातड्यातून सुटलो बाबा, तू परत कशाला हात घालतोस?" असे ती नातवाला म्हणाली. तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश बाबासाहेबांनी केला आणि आमच्या आज्या-पणज्यांनी तो पाळला. गावकीची ती ओढाताण तिने ऐकलेली आहे, थोडी पाहिलेलीही आहे. भाचा एवढेच म्हणाला, "आजी, तेव्हा गाव सांगत होते म्हणून करावे लागत होते. हे मी माझ्या मनाने करतो, भाव मी ठरवतो, नको असेल त्याला नाही म्हणतो." आई गप्प बसली. पटले की नाही ते कळले नाही.

वॅटचा घोळ

आता जाहिरातीकडे येऊ. चाळीस वॅट हा आकडा खोटा नव्हता, पण तो लेसरचा नव्हता. मशीन एवढी वीज खाते असा त्याचा अर्थ होता. त्यातून प्रत्यक्ष प्रकाश बाहेर पडतो तो पाच वॅटचा. छोट्या मशीनमध्ये निळ्या प्रकाशाचा डायोड असतो आणि अशा एका डायोडमधून साधारण पाच-सहा वॅटच निघतात. दहा वॅट हवे तर दोन, वीस वॅट हवे तर चार डायोडचे किरण एकत्र आणावे लागतात. म्हणून विकणाऱ्याला प्रश्न विचारायचा तो असा: प्रकाशाची शक्ती किती वॅट? उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून जावे.

दुसऱ्या जातीचे मशीन कार्बन डायऑक्साईड वायूच्या नळीचे. पेणमध्ये सन्मानचिन्हे करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात आम्ही ते चालताना पाहिले. काम वेगात होते, धार स्वच्छ येते आणि पारदर्शक ॲक्रिलिकही कापले जाते. निळा डायोड ते कापू शकत नाही, कारण त्याचा प्रकाश काचेसारखा आरपार निघून जातो. पण या मशीनची नळी काचेची. प्रवासात फुटू शकते, वापरून वापरून तिचे आयुष्य संपते आणि मग नवी घ्यावी लागते. तिला थंड ठेवायला सतत फिरते पाणी लागते. आपल्याकडे मे महिन्यात ते पाणीच तापते, तेव्हा दुकानदार बादलीत बर्फाच्या बाटल्या सोडतो. शिवाय आत हजारो व्होल्टची वीज खेळते. घरातले अर्थिंग नावापुरते असेल तर या मशीनला दारातूनच परत पाठवावे. आमच्या चाळींमधले अर्थिंग बहुधा नावापुरतेच असते, हे वायरमन मंडळी खासगीत कबूल करतात.

तिसरे फायबर लेसर. ते मुख्यतः धातूसाठी. पितळेच्या बकलावर नाव हवे असेल त्याने त्याचा विचार करावा. चामड्याच्या कामाला ते लागत नाही.

वेगाचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पाकिटावर तीन इंच लांब-रुंद चित्र आहे, म्हणजे पंचाहत्तर मिलिमीटर. दर ०.१ मिलिमीटरवर एक रेघ धरली तर ७५० रेघा होतात. प्रत्येक रेघ ७५ मिलिमीटरची, म्हणजे लेसरला एकूण ५६ मीटर चालायचे. डायोडचे मशीन चामड्यावर मिनिटाला तीन मीटर चालवले तर एकोणीस मिनिटे, वळणे धरून पंचवीस. नुसते नाव असेल तर चार-पाच मिनिटांत होते. रोज शंभर नग काढायचे असतील तर हा वेग परवडणार नाही. संध्याकाळी चार-पाच नग काढणाऱ्या माणसाला पुरेसा आहे.

मापाचेही पाहावे. चारशे मिलिमीटर लांब-रुंद चौकटीत पाकीट, वही, छोटी पिशवी बसते. कमरेचा पट्टा बसत नाही. त्यावर दोन-तीन वेळा सरकवून कोरावे लागते आणि सांधा जुळवताना पहिले दोन पट्टे वाया जातात. आरशाने किरण फिरवणारी बोटभर चौकटीची मशीनेही मिळतात. किल्लीच्या कड्याला ती झटपट, पण त्यापलीकडे फार उपयोग नाही.

आणि कापण्याचे काय? जाहिरातीत लेसर चामडे लोण्यासारखे कापताना दिसतो. प्रत्यक्षात पाच वॅटच्या डायोडला दोन मिलिमीटरचे चामडे कापायला त्याच रेघेवरून अनेकदा जावे लागते. धार काळी होते आणि जळक्या केसांचा वास त्या मालाला कित्येक दिवस सोडत नाही. आमचे मत स्पष्ट आहे. कापायला रापी, शिवायला आरी, नावापुरता लेसर. मालाची किंमत शिवणीवर ठरते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्या हातांमुळे. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या व गदारोळ झाला, तोही त्या हातांचे नाव घेतले नाही म्हणून.

चामडे आहे की रेक्झीन?

या चौकशीत सगळ्यात महागात पडू शकली असती ती ही गोष्ट. भाच्याने एका मित्राच्या मशीनवर आपले किल्ल्यांचे तुकडे कोरून पाहिले होते. चामडे म्हणूनच विकत घेतलेले तुकडे. कोरताना डोळ्यांतून पाणी आले, घसा खवखवला. मित्राला वाटले, धूर आहे, होणारच. पण धाटावला राबणाऱ्या माणसाला ॲसिडचा वास सांगावा लागत नाही. पुढे काही आठवड्यांतच त्या मशीनच्या दांड्यांवर गंज चढला.

ते चामडे नव्हतेच. कापडावर पीव्हीसी चढवलेले रेक्झीन होते. पीव्हीसीत क्लोरिन असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो आणि ओल लागली की त्याचेच हायड्रोक्लोरिक ॲसिड होते. तुमच्या नाकातोंडातली ओलही त्याला पुरते. दोन वेळा केले तर मशीन जाते, रोज केले तर छाती जाते.

ओळखायची एक जुनी युक्ती आहे. तांब्याची उघडी तार पकडीत धरून ज्योतीवर लाल करावी. तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण मुळीच नको, कारण ते वेष्टणही पीव्हीसीचेच असते. ज्योतीत हिरवा रंग दिसेनासा झाला की ती लाल तार वस्तूच्या कोपऱ्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे, तो माल लेसरखाली घालू नये. हे अंगणात करावे, घरात नाही, आणि मुलांच्या हाती देऊ नये. आम्ही केले तेव्हा ज्योत अशी हिरवीगार झाली की भाच्याने उरलेले सगळे तुकडे त्याच दिवशी बाजूला काढले.

खऱ्या चामड्यातही दोन प्रकार आहेत. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले, आणि क्रोमच्या क्षारांनी कमावलेले. बाजारातले मऊ, रंगीत चामडे बहुतेक क्रोमचे असते. त्यातले क्रोमियम फार तापले की त्याचा काही भाग विषारी रूपात जाऊ शकतो, शिवाय कोरलेली अक्षरेही त्यावर मळकट उठतात. सालीने कमावलेल्या चामड्यावर अक्षर गडद तपकिरी आणि सुबक येते. कापलेली कड पाहिली की फरक ओळखू येतो. सालीचे आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमचे आत बहुधा निळसर करडे. भाचा आता दिव्याहून लोकलने सायनला उतरतो आणि धारावीत कड पाहूनच माल घेतो. दुकानदार थोडे वैतागतात, पण दाखवतात.

डोळे, धूर आणि पाऊस

एका खोलीच्या घरात लेसर ठेवणे ही चेष्टा नाही. निळ्या लेसरचा किरण बकलावरून, पत्र्यावरून उलटून डोळ्यात गेला तर थेट पडदा जळतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. मशीनसोबत फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर विश्वास ठेवू नये. चष्म्यावर कोणत्या लहरलांबीसाठी तो आहे हे लिहिलेले असावे. निळ्या डायोडला ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे संरक्षण लागते. उन्हातला काळा चष्मा येथे कुचकामी. आणि चष्मा एकाच्याच डोळ्यावर असतो, घरात मुले चार असतात. म्हणून आमचा आग्रह असा की उघड्या चौकटीचे स्वस्त मशीन घेऊच नये. बंद पेटीचे घ्यावे आणि झाकण उघडताच किरण आपोआप थांबतो की नाही हे विकत घेण्याआधी पाहावे. वॅट थोडे कमी मिळाले तरी चालेल. येथे आमचे आणि भाच्याचे भांडण झाले, कारण त्याच पैशात उघडे मशीन दुप्पट शक्तीचे मिळत होते. शेवटी त्याच्या बायकोने निकाल दिला. धाकटी तीन वर्षांची आहे, तिला काय चष्मा बांधून ठेवायचा?

धुरासाठी खिडकीबाहेर नळी आणि ओढणारा पंखा हवाच. तोंडाला बांधायचा मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे असू नये. चाळीत याच कारणावरून भांडणे पेटतात. किरणाजवळ हवेचा झोत मारणारा छोटा पंप असेल तर भिंगावर काजळी कमी बसते आणि ज्वाळा उठत नाही. तरीही मशीन चालू असताना खोली सोडून चहाला जायचे नाही. आग लागायला अर्धा मिनिट पुरतो.

पेण-रोह्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. ओलीने चामड्याला बुरशी येते, दांड्यांना गंज धरतो. पावसाळ्यात मशीन झाकून ठेवावे आणि चामडे हवेशीर, सुक्या जागी टांगावे. वीज मध्येच गेली तर अर्धे कोरलेले पाकीट फुकट जाते, कारण नेमक्या त्याच जागेवरून पुन्हा सुरू करणे फार अवघड. छोटे डायोड मशीन घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते, हा त्याचा आणखी एक फायदा.

संगणकाचे थोडक्यात. मशीन फक्त कंपनीच्याच मोबाईल ॲपवर चालत असेल तर दोनदा विचार करावा. उद्या ते ॲप बंद पडले की मशीनचे खोके होते. जीआरबीएल पद्धतीचे असेल तर लेसरजीआरबीएल हा फुकट प्रोग्राम साध्या जुन्या विंडोज संगणकावर चालतो. मराठी नाव आधी इंकस्केपमध्ये लिहून त्याच्या रेषा करून घ्याव्यात. तसे न केल्यामुळे 'सिद्धार्थ'मधला द्ध फुटला आणि एक चांगले पाकीट बाद झाले. प्रत्येक नव्या चामड्याच्या तुकड्यावर आधी वेग आणि शक्ती बदलत छोटे चौकोन काढून बघावेत. मालावर कागदी चिकटपट्टी लावून कोरले तर आजूबाजूला काजळी बसत नाही.

ज्याला एकच चिन्ह वारंवार उमटवायचे आहे त्याने मशीनच्या नादी लागू नये. पितळेचा ठसा एकदा करून घ्यावा आणि किंचित ओलावलेल्या सालीच्या चामड्यावर दाबून उठवावा. वीज नको, धूर नको, डोळ्याला भीती नको. लेसरची गरज आहे ती प्रत्येक वस्तूवर वेगळे नाव घालणाऱ्याला. चपलेवर मात्र कोणाचेही नाव किंवा चित्र घालायचे नाही, हा भाच्याचा नियम. गिऱ्हाईक गेले तरी चालेल म्हणतो.

पैशाबद्दल दोन शब्द. चर्मोद्योगाचे संत रोहिदास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले, पण त्याच्या योजना चर्मकार समाजासाठी आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ चे महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चपला-जोडे करणारेही आहेत. तीत अवजारांसाठी १५ हजार, आणि पुढे एक लाख व दोन लाख अशा दोन टप्प्यांत पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. पाकिटे करणारा त्यात बसतो का, हे जातीचा दाखला आणि कामाचे नमुने घेऊन अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष विचारावे. सावकाराकडून किंवा मोबाईलवरच्या झटपट कर्जातून छंदाचे मशीन घेऊ नये.

भाच्याने अजून मशीन घेतलेले नाही. सध्या तो नावे कोरायचे काम पेणच्या त्या दुकानातून नगावर करून घेतो आणि किती नग होतात ते वहीत मांडतो. तीन महिन्यांची वही पाहून ठरवू, असे आमचे बोलणे झाले आहे. परवा आईने त्याच्याकडून चष्म्याचे घर मागून घेतले. नाव कोणाचे टाकू म्हणून त्याने विचारले, तर म्हणाली, नाव नको, शिवण तेवढी घट्ट घाल.