‘कट’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज एका एवढ्याशा इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलू. ते म्हणजे ‘कट’. फोन कट झाला, लाईट कट झाली, पैसे कट झाले, ब्लाऊजचा गळा नीट कट केला नाही. टपरीवर कटिंग चहा. आमच्या आरे कॉलनीला, म्हणजे मुंबईत गोरेगावच्या पूर्वेला, चित्रनगरी लागून आहे. तिथे दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला की सगळे नुसते थांबतात, कापलं काहीच जात नाही. मिसळीचा कट आणि दुष्टांनी रचलेला कट हे आपले मराठी शब्द, त्यांचं इथे काम नाही.

छोटी इंग्रजी क्रियापदं अशीच बहुरूपी असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत म्हणे. घाबरायचं कारण नाही, आपलं ‘लागणे’ काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, ताक आंबट लागतं, आणि ती तुझी कोण लागते असंही आपण विचारतो. कुणाचा गोंधळ होत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ सांगतो. अडचण येते ती शेजारचा शब्द नसला की, किंवा तो मोबाईलवर इंग्रजीत आला की.

त्यावर आमच्या गटांत आम्ही एक युक्ती वापरतो. ‘कट’ ऐकला की त्या जागी मराठी क्रियापद घालून पाहायचं. मराठी या बाबतीत फार चोखंदळ आहे. कांदा आपण चिरतो, मेथी खुडतो, भात कापतो, ऊस तोडतो, सुपारी कातरतो, फांदी छाटतो, कापड बेततो. इंग्रजी यातल्या बहुतेक ठिकाणी ‘कट’ वर भागवते. योग्य मराठी शब्द शोधायला गेलं की कशाचं काय होणार आहे हा प्रश्न विचारावाच लागतो.

झाडांचंच घ्या. ‘ट्री कटिंग’ असं कुणी म्हणालं तर ते छाटणी म्हणतंय की तोड? पावसाळ्याआधी पालिकेची माणसं धोक्याच्या फांद्या उतरवतात ती छाटणी, झाड जागेवर राहतं. तोड म्हणजे झाड गेलं. आणि तिसरा शब्द पुनर्रोपण, म्हणजे मुळासकट उचलून दुसरीकडे लावणं. आमच्या आरेत २०१९ साली मेट्रो ३ च्या कारशेडसाठी जी मंजुरी झाली तिच्यात एकूण झाडं २,६४६ होती, पण त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ पुनर्रोपणाची. ‘इतकी झाडं कट होणार’ एवढंच ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही.

इंग्रजी ‘कट’ ची आणखी एक खोड आहे. तो काळानुसार बदलत नाही. ‘कापतात’ लाही कट, ‘कापली’ लाही कट. आपल्या कानाला तो फरक लगेच कळतो, आणि आरेत तर तो एका रात्रीचा होता. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हटलं, तोवर २,१४१ झाडं पडलेली होती. म्हणून इंग्रजी कागदात ‘कट’ च्या आधीचा शब्द बघा. ‘विल बी कट’ असेल तर अजून व्हायचंय, हरकत घेता येते. ‘वेअर कट’ असेल तर होऊन गेलं.

शहरात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. गावाकडे १९६४ चा वेगळा. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, फणस, जांभूळ अशी ठरावीक झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. व्यापारी ‘थोडं कटिंग करून घेतो’ म्हणाला तर छाटणार की तोडणार, हे लिहून घ्या.

आता लाईट. ‘लाईट कट केली’ म्हणजे सगळ्या वाडीची गेली की आपल्याच घराची? वाडीची गेली तर येईल. बिल थकल्यामुळे आपल्या घराची जोडणी तोडायची असेल, तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे आधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी ‘कट करू’ ही नोटीस नव्हे.

सगळ्यात जास्त फोन आम्हाला येतात ते पैशाचे. ‘ताई, माझे ४३६ रुपये कट झाले!’ मे महिना संपता संपता हा फोन हमखास येतो. ते कुणी चोरलेले नसतात. तो जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, आणि २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विम्याचा. दोन्ही विमे १ जून ते ३१ मे चालतात आणि दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे. जीवन ज्योती कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर, सुरक्षा विमा फक्त अपघातासाठी. इथे ‘कट’ च्या जागी ‘भरले’ हा शब्द घाला. पण हेच ४३६ दोन बँकांतून गेले असतील तर एक हप्ता वाया, कारण विमा एकाच खात्यातून धरला जातो. एका बँकेत अर्ज देऊन तिथला बंद करा. आणि पासबुकात ओळखीचं नाव नाही, रक्कमही भलतीच, तर मग मात्र ‘चोरले’ समजा. त्याच दिवशी १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. घरच्यांना काय वाटेल म्हणून दोन दिवस थांबू नका.

राहिला ‘कट ऑफ’. मुलीच्या कॉलेजात कट ऑफ म्हणजे गुणांची रेघ, तिच्या वर असलं की प्रवेश. झोपडपट्टीच्या कागदात कट ऑफ म्हणजे तारीख, आणि तिथे तिच्या आधीचं असावं लागतं. मुंबईत मोफत घरासाठी १ जानेवारी २००० ही तारीख आहे, २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर मिळू शकतं. म्हणून जुनी वीजबिलं, मतदार यादीतलं पान, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले यातला एकही कागद रद्दीत देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च बांधा, आमच्याकडे पावसात पत्रे गळतात.

पुढच्या वेळी ‘सेट’ घेऊ. तोवर तुमच्या फोनवर ‘कट’ असलेला एखादा मेसेज आला असेल तर तो जपून ठेवा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या.