मराठी टंक परिवर्तक

मराठी टंक परिवर्तक हे युनिकोडपूर्व टंकांत (फाँटमध्ये) जुळवलेल्या देवनागरी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे संगणकीय साधन आहे. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटीसुरेख ही अशा जुन्या टंकांची परिचित उदाहरणे होत. काही परिवर्तक उलट दिशेनेही, म्हणजे युनिकोडमधून जुन्या टंकात, रूपांतर करतात. अनुदिनीलेखक, संकेतस्थळांचे चालक, मुक्त व्यवसाय करणारे टंकलेखक, अक्षरजुळणीकार आणि संशोधक या साधनाचा वापर करतात. यांतील बहुतेक साधने महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. जुना मजकूर पुन्हा टंकित न करता तो शोधता येण्याजोगा करणे हा परिवर्तकाचा मुख्य उपयोग होय. मात्र रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन केल्याशिवाय तो विश्वसनीय मानता येत नाही.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी यू+०९०० ते यू+०९७एफ असा १२८ स्थानांचा विभाग राखून ठेवलेला असून त्याची मूळ मांडणी इस्कीवर आधारलेली आहे. तथापि मानक अस्तित्वात येणे आणि ते सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर चालू लागणे यांत बरीच वर्षे गेली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या कार्यप्रणालीत 'मंगल' हा युनिकोड टंक समाविष्ट झाला, तेव्हा घरगुती व कार्यालयीन संगणकांवर युनिकोड देवनागरीचा मार्ग मोकळा होऊ लागला.

दरम्यानच्या काळात मराठी छपाईने डीटीपी म्हणजे संगणकीय अक्षरजुळणीचा स्वीकार केलेला होता. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे श्रीलिपी आणि हिंदी पट्ट्यात रुळलेला कृतिदेव यांचा वापर मुद्रणालये, कार्यालये व टंकलेखन केंद्रे यांत सुरू झाला. २००१ साली पेजमेकर या पृष्ठमांडणी प्रणालीची सातवी व शेवटची आवृत्ती आली. तीत युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. त्यामुळे युनिकोड उपलब्ध झाल्यानंतरही मुद्रणालयांत जुने टंक दीर्घकाळ टिकून राहिले.

जुन्या टंकांची रचना

जुन्या टंकांत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठवली जात नाहीत. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचा असतो; टंक त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती दाखवतो. कृतिदेवमध्ये 'लातूर' हा शब्द वाय, के, आर, डब्ल्यू, जे या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवला जातो. संगणकावर तो टंक नसेल, तर वाचकाला हीच निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. शोधयंत्रात 'लातूर' असा शब्द दिला, तरी असे पान त्याला सापडत नाही, कारण त्या पानावर 'लातूर' हा शब्द संगणकाच्या लेखी नसतोच.

युनिकोडमध्ये हाच शब्द ल, काना, त, दीर्घ उकार आणि र अशा पाच स्वतंत्र संकेतांनी नोंदवला जातो. टंक बदलला तरी हे संकेत बदलत नाहीत. त्यामुळे शोध, अकारविल्हे, शब्दगणना, शुद्धलेखन तपासणी, यांत्रिक भाषांतर आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने ही सर्व युनिकोड मजकुरावर चालतात. दृष्टिहीन वाचकांसाठी हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या टंकातील मजकूर वाचनप्रणाली रोमन अक्षरे म्हणून उच्चारते.

परिवर्तकाचे कार्य

परिवर्तकात दोन प्रकारचे नियम असतात. पहिला प्रकार अक्षरकोष्टकाचा. जुन्या टंकातील कोणत्या रोमन चिन्हाच्या जागी कोणता युनिकोड संकेत ठेवायचा, हे त्यात ठरलेले असते. दुसरा प्रकार क्रमबदलाचा. जुने टंक अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने ती साठवतात, तर युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवतो.

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) या गावाच्या नावावरून हा भेद स्पष्ट होतो. कृतिदेवमध्ये प्रथम ऱ्हस्व वेलांटी, नंतर क, नंतर अर्धा ल, पूर्ण ल, काना, र आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे असतात. युनिकोडमध्ये वेलांटी क-नंतर येते आणि अर्ध्या ल-ची फोड ल अधिक हलन्त अशी होते. त्यामुळे संकेतांची संख्या आठ होते. अर्धापूर (जि. नांदेड) या नावात रफार आहे. जुन्या टंकात रफाराचे चिन्ह 'धा' या अक्षरानंतर असते, तर युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे दोन संकेत ध-च्या आधी येतात. परिवर्तकाला त्यामुळे रफार ओळखून तो संपूर्ण अक्षराच्या मागे न्यावा लागतो.

प्रत्येक टंककुलाचे अक्षरकोष्टक निराळे असते. कृतिदेवसाठीचा परिवर्तक श्रीलिपीच्या मजकुराला उपयोगी पडत नाही. श्रीलिपीच्या टंकांतही एकाहून अधिक मांडण्या आढळतात. म्हणून मूळ टंकाचे नेमके नाव ठाऊक असणे ही रूपांतराची पहिली अट आहे.

रूपांतरातील नेहमीचे दोष

अनुस्वाराचा क्रम : जुन्या टंकात अनुस्वार आधी टंकित केला काय किंवा काना आधी टंकित केला काय, कागदावर अक्षर सारखेच दिसत असे. परिवर्तक तोच क्रम कायम ठेवतो. परिणामी 'नांदेड' ऐवजी 'नंादेड' असा मोडका शब्द तयार होतो. नांदेडविषयीचे असे पान नांदेड या शब्दाच्या शोधात हाती लागेलच याची शाश्वती राहत नाही.

अर्धा र : 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्ध्या र-ची खूण मराठीत आवश्यक आहे, हिंदीत ती लागत नाही. हिंदी मजकूर समोर ठेवून तयार केलेले परिवर्तक तिच्या जागी रफार देतात आणि 'शेतकर्यांना' असे रूप उमटते. आचाऱ्यांना (स्वयंपाक्यांना) आणि आचार्यांना (गुरूंना) या शब्दांत तर अर्थच पालटतो. सर्व 'र्य' एकदम बदलून हा दोष निघत नाही, कारण कार्य, सूर्य, धैर्य या शब्दांत रफारच बरोबर असतो. असे शब्द एकेक करून तपासावे लागतात.

जोडून तयार केलेले स्वर : जुन्या टंकांत 'अ'ला काना व मात्रा लावून 'ओ' तयार केला जात असे. रूपांतरानंतर 'अ' आणि मात्रा असे दोन संकेत उरतात. डोळ्यांना अक्षर बरोबर दिसते. संगणकाला मात्र तो 'ओ' वाटत नाही. 'ॲ' या अक्षराबाबतही अशीच स्थिती आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात हे अक्षर 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले सापडते.

इंग्रजी मजकूर : मराठी मजकुरात मूळचाच इंग्रजी असलेला ई-पत्ता, संकेतस्थळाचा पत्ता किंवा संक्षेप असल्यास परिवर्तक त्यालाही जुना टंक समजून त्याची अर्थहीन देवनागरी अक्षरे करतो. कंस, अवतरणचिन्हे, अंक आणि पूर्णविराम यांतही असा गोंधळ होतो. आर्थिक विवरण, गुणपत्रक किंवा जमिनीचा गट क्रमांक असलेला मजकूर असल्यास प्रत्येक अंक मूळ प्रतीशी ताडून पाहावा लागतो.

नांदेड व लातूर परिसरातील उपयोग

मराठवाड्याच्या या भागातील अलीकडच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा युनिकोडपूर्व टंकांच्या काळाशी जुळतो. लातूर जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाला. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. या काळात व त्यानंतरच्या दशकात संगणकावर जुळवलेल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आणि शोधप्रबंध यांना युनिकोडेतर टंकांवाचून फारसा पर्याय नव्हता. असा मजकूर जुन्या धारिकांत शिल्लक असला, तरी शोधयंत्रांच्या दृष्टीने तो अस्तित्वात नसतो. भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन किंवा स्थानिक साहित्यसंस्थांचे कार्य यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे महाजालावर काय सापडेल, हे बऱ्याच अंशी अशा धारिकांच्या रूपांतरावर अवलंबून आहे. ज्या चकत्यांवर (फ्लॉपी व सीडी) त्या साठवल्या गेल्या, त्या कालांतराने निकामी होतात. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

या प्रदेशाचे बहुभाषिक स्वरूप हे युनिकोडच्या वापराचे दुसरे कारण होय. नांदेड जिल्ह्याला तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमा लागून आहेत. लातूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकातील बीदर जिल्ह्याला भिडते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या भागांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू कानी पडतात. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी लिपीही शहरात दिसते. जुन्या पद्धतीत या लिप्या एकमेकींच्याच रोमन जागा वापरत असल्याने टंक बदलताच एका भाषेचा मजकूर दुसऱ्या लिपीतील निरर्थक अक्षरांत दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग आहे. त्यामुळे एकाच पानावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू व पंजाबी मजकूर सुरक्षितपणे ठेवता येतो.

अक्षरजुळणीवर उपजीविका करणाऱ्यांसाठी परिवर्तकाचा व्यावसायिक उपयोगही आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणारे व टंकलेखन यंत्रावरील रेमिंग्टन धाटणीची कळरचना शिकलेले अनेकजण जुन्या टंकांत वेगाने काम करतात. ग्राहकाला संकेतस्थळासाठी युनिकोड मजकूर हवा असल्यास परिवर्तकामुळे त्यांना आपले कौशल्य टाकून द्यावे लागत नाही. उलट, अनुदिनीवरील युनिकोड लेखन पुस्तकरूपाने छापताना मुद्रणालय जुन्या प्रणालीवर काम करत असेल, तर उलट दिशेचा परिवर्तक लागतो.

निवड व वापर

रूपांतराआधी मूळ धारिकेची एक प्रत न बदलता बाजूला ठेवणे आवश्यक असते. त्यानंतर टंकाचे नाव निश्चित केले जाते. शब्दसंस्करण प्रणालीत मजकूर निवडल्यावर टंकाचे नाव दिसते. पीडीएफ असल्यास दस्तऐवजाच्या गुणधर्मांत टंकांची यादी मिळते.

परिवर्तकाची पारख करण्यासाठी संपूर्ण मजकुराऐवजी प्रथम एक छोटा नमुना घेणे सोयीचे ठरते. किल्लारी, अर्धापूर, नांदेड, शेतकऱ्यांना, ऱ्हास, ज्ञान, क्षेत्रफळ, ओळख, काही अंक आणि एक इंग्रजी शब्द एवढा नमुना मूळ टंकात टंकित करून रूपांतरित केला, की वर सांगितलेले बहुतेक दोष लगेच दिसतात. ज्या परिवर्तकात दोष कमी, तो निवडून मजकूर प्रकरणवार रूपांतरित केला जातो व प्रत्येक प्रकरण मूळ छापील प्रतीशी ताडले जाते.

गोपनीयतेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. काही परिवर्तक वापरकर्त्याच्या न्याहाळकातच काम करतात, तर काही मजकूर दूरच्या संगणकावर पाठवतात. पान उघडल्यानंतर महाजालाची जोडणी बंद करूनही रूपांतर होत असेल, तर ते काम त्याच संगणकावर होते असे समजता येते. न्यायालयीन अर्ज, खरेदीखते, सेवापुस्तिका किंवा आधार क्रमांक असलेली कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणे धोक्याचे असते.

पूरक साधने

युनिकोडमध्ये थेट लेखनासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना विंडोज, लिनक्स आदी कार्यप्रणालींत उपलब्ध असते. रोमन लिपीतून उच्चारानुसारी टंकनासाठी बरहा, गमभन, गुगल इनपुट टूल्स ही साधने वापरली गेली आहेत. मुक्त परवान्याच्या देवनागरी टंकांत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'शोभिका' यांचा समावेश होतो. शुद्धलेखन तपासणीसाठी हनस्पेल या मुक्त प्रणालीचा मराठी शब्दसंग्रह लिब्रे ऑफिसमध्ये जोडता येतो.

मूळ धारिका हरवली असून केवळ छापील प्रत उपलब्ध असल्यास परिवर्तकाचा उपयोग होत नाही. अशा वेळी पानाची प्रतिमा घेऊन अक्षरओळख (ओसीआर) करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. मराठी विकिस्रोत या प्रकल्पात अशा प्रतिमांवरून मजकूर तयार करून स्वयंसेवक त्याचे मुद्रितशोधन करतात.

मर्यादा

परिवर्तक मजकुराची संकेतप्रणाली बदलतो. मूळ टंकलेखनातील चुका तो दुरुस्त करत नाही. तसेच रूपांतर केल्याने मजकुरावर कोणताही नवा हक्क निर्माण होत नाही. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ग्रंथाचे प्रताधिकार लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. जुनी स्मरणिका किंवा दिवाळी अंक महाजालावर ठेवण्यापूर्वी लेखक, त्यांचे वारस अथवा संबंधित संस्था यांची अनुमती आवश्यक ठरते.