आपत्काळाची तरतूद : आधी काय घ्यावे?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूरकरांनी एक विपरीत अनुभव घेतला. सभोवार पाणी, आणि नळ मात्र कोरडे! नदीकाठची उपसा केंद्रेच बुडाल्याने पाणीपुरवठा खंडित झाला होता. पुणे-बेंगळुरू महामार्गही काही दिवस बंद राहिल्याने बाहेरून माल येणे कठीण झाले.

अशा प्रसंगी घरात काय असावे, याच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु ते सारे एका पगारात बसत नाही. म्हणून अनुक्रम ठरवावा लागतो. त्याची कसोटी सोपी आहे : ती वस्तू नसल्यास किती काळ निभावेल?

या कसोटीवर पाणी पहिले ठरते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज चार लिटर धरल्यास चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागेल. झाकणाचे वीस लिटरी तीन कॅन त्यास पुरेत. खर्च काय तो कॅनचाच. त्यानंतर नित्याची औषधे आठवडाभर जादा, मग विजेरी. अन्नासाठी वेगळी खरेदी क्वचितच लागते. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ हे न शिजवता खाण्याजोगे जिन्नस बहुधा घरात असतातच. ते थोडे वाढवावेत. अनेक कुटुंबे आरंभ करतात तो मात्र इन्व्हर्टरपासून, म्हणजे सर्वांत महाग आणि ज्यावाचून निभावू शकते अशा वस्तूपासून!

रोख रकमेचा विसर सहज पडतो. वीज व दूरध्वनी यंत्रणा कोलमडली की एटीएम, कार्ड आणि यूपीआय ही तिन्ही साधने एकदमच थांबतात. आठवड्याच्या घरखर्चाइतकी रक्कम पन्नास-शंभरच्या नोटांत ठेवावी. पाचशेची नोट दूधवाल्याकडे सुटी होईलच असे नाही. त्याहून अधिक रोकड घरी ठेवण्यात अर्थ नाही. तिला व्याज नाही आणि पुराचे भय आहेच. पासबुक, विमापत्र व शिधापत्रिका यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्या नोटांबरोबरच उंचावर ठेवाव्यात.

समजा, महिना ५०० रुपये आवर्ती ठेवीप्रमाणे बाजूला काढले, तर फेब्रुवारीत आरंभ करणाऱ्या कुटुंबाची मुख्य तयारी पावसाळ्यापूर्वी होऊ शकते. पुढे साठ्याला लेखाशास्त्रातील 'प्रथम आवक, प्रथम जावक' हाच नियम लावावा : जुनी औषधे व पोहे आधी वापरून नवे मागे ठेवावेत, आणि कॅनमधील पाणी झाडांना घालून पुन्हा ताजे भरावे.